घरचाच सोफा

टाचणीच्या घरात कायम दोन-तीन सोफे असत आणि घरातली तिन्ही माणसं चटईवर बसत. यात साधेपणाचं वगैरे काही कौतुक नव्हतं. सोफे गिऱ्हाइकांचे होते. तिचे बाबा सोफे दुरुस्त करायचे. जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या आणि गोणपाट उपसायचं, बसलेल्या स्प्रिंगा उभ्या करायच्या, नवा फोम घालायचा आणि वरून नवं कातडं असं ताणायचं की सोफ्याला आपलं वय आठवू नये. खोळी शिवायचं काम आत्याकडे. आई लहानपणीच गेल्यामुळे टाचणीला वाढवायचं कामही आत्याकडेच आलं होतं आणि ती दोन्हीकडे सारख्याच कडक टाक्याने शिवायची.

बाबांना कामाच्या वेळी बारीक खिळे तोंडात धरायची सवय. ओठांतून एक काढायचा, हातोडीने ठोकायचा, पुढचा काढायचा. लहानपणी त्यांना टाचण्या पुरवायची म्हणून पोरीचं नाव टाचणी पडलं. पुढे ती अंगानेही तशीच निघाली, बारीक आणि टोकदार. खिळ्यांचा बाबांना आणखी एक उपयोग होता. एखाद्या गोष्टीवर बोलायचं नसलं की ते मूठभर खिळे तोंडात टाकत. मग काय विचारायचं ते विचारा, उत्तर हातोडीच देई.

घरात नियम दोन. पहिला, गिऱ्हाइकाच्या सामानावर घरातल्या कुणी टेकायचं नाही. दुसरा नियम पाहुण्यांसाठी होता. दारावर अनोळखी माणूस आला, त्यातून त्याच्या हातात फाईल आणि अंगात इस्त्रीचा शर्ट असला, तर घरात जे काही दिसेल ते सगळं घरचंच.

या दुसऱ्या नियमाला कारण होतं. इमारत फक्त राहण्यासाठी होती, धंद्यासाठी नाही. आधीच्या घरात असंच कुणीतरी पालिकेत तक्रार केली होती आणि घरमालकाने एका दुपारी सगळी हत्यारं जिन्यात फेकली होती. बाबा तेव्हा डोक्यावर एक खुर्ची घेऊन रस्त्यात उभे होते आणि आत्या पायऱ्यांवर वाकून दाभणं वेचत होती. टाचणी तेव्हा एवढीशी होती, पण तिला ते पक्कं आठवत होतं, विशेषतः बाबांचा चेहरा. या घरात आल्यापासून बाबांनी तिघांची कवायत बसवली. बेल वाजली की आत्या दाराच्या भोकातून बघणार. फाईल दिसली की हातोडी उशीखाली, कापडाचे तुकडे पलंगाखाली, शिवणयंत्रावर टेबलक्लॉथ आणि टेबलक्लॉथवर फुलदाणी. मग दार उघडायचं. सोफा कुणाचा? घरचाच. हे नाटक इतकं बिनचूक वठायचं की एखाद्या नाटक कंपनीने तिघांना उचलून न्यायला हवं होतं.

अशा घरातली ही मुलगी कृत्रिम हातपाय बनवण्याचा अभ्यासक्रम शिकायला निघाली. शाळेतल्या एका बाईंबरोबर ती अशा कार्यशाळेत गेली होती. तिथे एका म्हाताऱ्या माणसाच्या पायाला बसवायचा साचा तिने पाहिला, त्याच्या आतलं अस्तर पाहिलं, अस्तराची शिवण पाहिली, आणि घरी येऊन सांगितलं की हे काम आपलंच आहे, फक्त यात बसणारा माणूस उठून चालायला लागतो. प्रवेश परीक्षेत तिचं नाव लागलं. फी ऐकून मात्र आत्याचं यंत्र चालता चालता थांबलं. एवढे पैसे घरातले सगळे सोफे विकूनही आले नसते, आणि सोफे तर आपले नव्हतेच.

उरला शिक्षण साहाय्य निधी. अर्ज ऑनलाइन होता. टाचणीने एकेक रकाना डोळ्यांत तेल घालून भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी तिने मान वर करून विचारलं. बाबांनी खिळे हातात काढून घेतले आणि म्हणाले, मजुरी लिही. सुटी कामं. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. खोटं तर नव्हतं, मजुरीच होती. तिने लिहिलं, आणि इथेच माशी शिंकली.

अर्ज गेला आणि त्याची वाट बघण्याचं काम सुरू झालं. निधीच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक घातला की चार गोल दिसायचे. प्राप्त, छाननी, गृहभेट, निर्णय. झालेला गोल हिरवा, बाकीचे करडे. ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल की ते किती जीव खातं. करायचं तर काहीच नसतं, पण केल्याशिवाय राहवत नाही. टाचणी उठल्यावर बघायची, जेवताना बघायची, टाके घालताना मध्येच सुई टोचून ठेवून बघायची. जणू ती बघायची थांबली तर तो गोल रुसून बसणार होता. बाबा चेष्टा करायचे. म्हणायचे, अगं, सारखं झाकण काढून बघितलं की भात शिजत नाही. आत्या म्हणायची, बघू दे रे, बघण्याला कुठे वीज लागते. दुसरा गोल हिरवा झाला त्या दिवशी मात्र चेष्टा करणाऱ्यानेच हातोडी खाली ठेवून मोबाइल दोनदा मागून घेतला.

मग बरेच दिवस काही हललं नाही. आणि एका सकाळी तिसरा आणि चौथा असे दोन्ही गोल एकदमच बदलले. तिसरा हिरवा होता. चौथा लाल. खाली एक ओळ होती: अर्जदाराचे राहणीमान घोषित उत्पन्नाशी विसंगत. अर्ज नामंजूर.

टाचणीने ती ओळ तीनदा वाचली. राहणीमान म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. आपल्याकडे ते कधी आलं, हे ठाऊक नव्हतं. शिवाय गृहभेटीचा गोल हिरवा कसा? घरी तर कुणीच आलं नव्हतं. ती चपला घालून तडक निधीच्या कार्यालयात गेली.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर आणि स्वर थंड. रडणारी मुलं त्यांनी खूप पाहिली असावीत, कारण टाचणी रडत नाहीये हे बघून त्यांनी चष्मा खाली घेतला. त्यांनी अहवाल काढून वाचून दाखवला. पडताळणी अधिकारी घरी गेले होते. बैठकीच्या खोलीत तपकिरी अस्सल कातड्याचा मोठा सोफा, त्याच्याच दोन खुर्च्या. फुलदाणी. कुटुंबप्रमुखांना विचारलं असता सोफा घरचाच असल्याचं त्यांनी सांगितलं. घरातील ज्येष्ठ महिलेने तो आपल्या भावाने हौसेने घेतल्याचं सांगितलं.

टाचणीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने दोन्ही गिळलं आणि विचारलं, आता काय करता येईल? बाईंनी सांगितलं की अपील करता येतं, आठवड्याच्या आत, आणि त्यावर पुन्हा एकदा पडताळणी होते. एकदाच. महाविद्यालय जागाही निर्णय येईपर्यंत धरून ठेवतं, पण या महिन्याच्या पुढे नाही. मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला. म्हणाल्या, बरेच लोक काय करतात, दुसऱ्या भेटीआधी सामान शेजारी नेऊन ठेवतात. अधिकारी वेडा नसतो. पहिल्या वेळी दिसलेलं दुसऱ्या वेळी दिसलं नाही की लपवलं असं लिहितो, आणि मग पुढच्या वर्षीही दार बंद. जे असेल ते कागदावर लिहा आणि वडिलांची सही आणा.

घरी पोचेपर्यंत टाचणीचा राग चांगला शिजला होता. तिने दारातच विचारलं की गेल्या काही दिवसांत इस्त्रीचा शर्ट कोण येऊन गेला. आत्याला लगेच आठवलं. टाचणी शिकवणीला गेली होती त्या दुपारी एक जण आला होता. फाईल होती. कुठून आलो ते त्याने सांगितलंही होतं, पण तेव्हा आत्या आतून टेबलक्लॉथ ओढत होती आणि बाबा हातोडीवर उशी ठेवत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. माणूस भला होता, आत्या म्हणाली, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, सोफ्याची तारीफही केली.

"तो निधीचा माणूस होता," टाचणी म्हणाली. "आणि तुम्ही त्याला पालिकेचा समजलात."

बाबांनी नामंजुरीची ओळ तिच्या मोबाइलवर वाचली. त्यांचा चेहरा उतरला. तिला वाटलं ते काहीतरी बोलतील, पण ते सोफ्याच्या मागे जाऊन बसले आणि त्यांनी खिळे तोंडात टाकले. त्या दिवशी ठोकायचे नव्हते तिथेही त्यांनी ठोकले असावेत.

संध्याकाळी त्यांनीच तोडगा काढला. सोफा तयारच होत आलाय, उद्या पोचवून टाकतो. दोन दिवस दुसरं काम घेत नाही. घर रिकामं करू, मग बोलाव तुझ्या त्या माणसाला आणि दाखव चटई. टाचणीने खिडकीतल्या बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आणि पुढे म्हणाली की तेव्हा सोफा आपला आहे म्हणालो ते खोटं, आता सोफा नव्हताच म्हणणार तेही खोटं, असं किती दिवस एका खोट्यावर दुसरं चढवायचं? खरं लिहू. बाबा सोफे दुरुस्त करतात, घरीच करतात, सोफा गिऱ्हाइकाचा आहे. एवढंच तर आहे.

बाबा म्हणाले, एवढंच नाही. ते कागदावर लिहिलं की ते सरकारी कागदावर आलं. उद्या निधीचा कागद पालिकेत गेला तर? पुन्हा रस्त्यात उभं राहायचं? तुझी फी मिळेल आणि तुला जेवू घालणारी हातोडी जाईल. मी सही करणार नाही.

ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणूनच टाचणीला जास्त राग आला. भिणाऱ्या माणसाशी भांडता येतं, पण त्याची भीती खरी असली की भांडणाचे पाय लटपटतात. आत्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि शेवटी म्हणाली की पोरीचं बरोबर आहे आणि भावाचंही बरोबर आहे, त्यामुळे आपण जेवून घेऊ.

दुसऱ्या दिवशी टाचणी पालिकेच्या कार्यालयात गेली. पत्ता न सांगता, नुसतं विचारायला. तीन टेबलांनी तिला पुढच्या टेबलाकडे पाठवलं. चौथ्यावरच्या जाडजूड गृहस्थांनी जांभई देत देत सांगितलं की राहत्या घरात घरच्याच माणसांनी हाताने किंवा शिवणयंत्रावर केलेलं काम चालतं, त्याला परवाना मिळतो. अर्ज करायचा आणि त्याच दिवसापासून दाराबाहेर ठळक पाटी लावायची, म्हणजे शेजाऱ्यांना कुणाला हरकत घ्यायची तर घेता येते. मुदतीत हरकत आली नाही तर परवाना. आणि आली तर? तर आमचा माणूस येऊन बघतो, काम बंदही करायला लावू शकतो. गृहस्थांनी पुन्हा जांभई दिली. इतकी वर्षं ज्या दाराच्या भोकाला डोळा लावून तिची आत्या उभी होती, त्या दाराबाहेरचं सगळं भय या जांभईत मावत होतं. टाचणीला त्यांच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. तिने कोरा अर्ज मागून घेतला.

तिने दोन्ही कागद भरले, निधीचं अपील आणि पालिकेचा अर्ज. बाबांसमोर ठेवले आणि सगळं समजावून सांगितलं, हरकतीची गोष्टही न लपवता. बाबांनी ऐकून घेतलं. पालिकेचा कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, आज त्यांना आपण माहीत नाही. उद्या माहीत होऊ. मग त्यांची मर्जी. नको. आणि खिळे तोंडात.

असे दोन दिवस गेले. अपिलाची मुदत सरत चालली. टाचणीने समजावलं, अबोला धरला, पुन्हा समजावलं. बाबांच्या सहीशिवाय अपील द्यायचं नाही हे तिने ठरवलं होतं, कारण पोट त्यांचं होतं आणि भीतीही त्यांची होती. पण हार मानायची नाही हेही तिने ठरवलं होतं. हे दोन्ही निश्चय एका बारीक अंगात मावणं कठीणच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन आली, खोलीत एकवार नजर टाकली, आणि तपकिरी सोफ्यावर बसली. नुसती टेकली नाही. पाठ टेकून, पाय वर घेऊन, ऐसपैस बसली.

आत्याच्या हातातलं कापड खाली पडलं. त्यांच्याकडे असं कधी झालं नव्हतं. टाचणी रांगत होती तेव्हाही एका खुर्चीला धरून उभी राहिली म्हणून बाबांनी तिला उचलून चटईवर ठेवलं होतं. आता ते वळले, त्यांनी पाहिलं, आणि तोंडातले खिळे भराभर हातावर काढले.

"ऊठ," ते म्हणाले.

"का?"

"ऊठ म्हटलं ना. चहा सांडेल."

"सांडू दे की. घरचाच सोफा आहे." तिने एक घोट घेतला. "आत्या, तूही ये. भावाने हौसेने घेतलाय."

बाबा दोन पावलं पुढे आले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. कप सांडू नये म्हणून टाचणीने तो दोन्ही हातांनी धरला होता, कारण ती त्यांचीच मुलगी होती आणि कातड्यावर डाग म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं. पण ती उठली नाही.

"टाचणे, तो आपला नाहीये."

"मग कुणाचा आहे?"

"तुला माहितेय कुणाचा आहे."

"मला माहितेय, तुम्हाला माहितेय, आत्याला माहितेय. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तुम्ही घरचा म्हणालात. आता मलाही एकदा सांगा. मोठ्याने सांगा, बाबा, मी लगेच उठते."

बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकाचा आहे. मी दुरुस्तीला घेतलाय." आणि जरा चिडूनच, "हे माझं काम आहे. मी चोरी करत नाही."

टाचणी उठली. तिने कप खाली ठेवला, ज्या जागी बसली होती तिथलं कातडं ओढणीने पुसलं आणि म्हणाली, "एवढंच लिहिलंय मी. वाचून बघा."

बाबांनी वाचलं. खरंच तेवढंच होतं. वडील सोफे दुरुस्त करतात. घरीच करतात. पहिल्या भेटीत दिसलेला सोफा गिऱ्हाइकाचा होता. मजुरी असं लिहिलं ते अपुरं होतं. घरच्यांनी घरचा म्हटलं ते घाबरून म्हटलं. आम्हाला बसायला चटई आहे. बाबांनी शेवटची ओळ वाचून नाक ओढलं आणि म्हणाले की हे काय लिहायचं असतं का. पण सही केली. मग दुसरा कागदही स्वतःच ओढून घेतला, पालिकेचा, आणि त्यावर जास्त दाबून सही केली. मला न घाबरणं जमत नाही, ते म्हणाले, पण तूही घाबरून बसलीस तर ते माझ्याने बघवणार नाही. टाचणीला एकदम रडू आलं. सगळ्या दिवसांचं साचलेलं होतं, ते तिने तिथे चटईवर बसून मोकळं करून टाकलं.

आता एक नवीच अडचण झाली. तपकिरी सोफा पोचवायचा वायदा दुसऱ्या दिवसाचा होता, आणि पडताळणी होईपर्यंत तो घरात दिसायला हवा होता. बाबांनी कधी वायदा मोडला नव्हता. एखाद्या घराण्यात गाणं असतं तसा त्यांच्याकडे वायदा होता. त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि काही कारण न सांगता उशीर होईल म्हणाले. पलीकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं असावं. ते नुसते हो, हो, बरोबर आहे तुमचं, म्हणत उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. टाचणीने ते पाहिलं आणि तिला अपराधी वाटलं, पण ती बोलली नाही. बोलली असती तर त्यांचे कान आणखी लाल झाले असते.

दोन्ही कागद जागच्या जागी देऊन ती परत आली तेव्हा दुपार टळली होती. जिन्याचं शेवटचं वळण घेतलं आणि ती थांबली. दारावर पाटी होती.

बाबांनी ती आपल्या पद्धतीने केली होती. फळीवर फोमचा थर, त्यावर उरलेलं हिरवं रेक्झिन ताणून बसवलेलं, कडेने पितळी टोप्यांचे खिळे ओळीत. वर पांढऱ्या रेक्झिनची अक्षरं कापून लावली होती: येथे सोफे व खुर्च्या दुरुस्त करून मिळतील. पालिकेला ठळक पाटी हवी होती. ही ठळक तर होतीच, शिवाय हिच्यावर डोकं ठेवून झोपताही आलं असतं. टाचणीने बोटाने दाबून पाहिली. मऊ होती. आत हातोडीचा आवाज चालू होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दार सताड उघडं होतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी वर आल्या, तेव्हा आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी पाटी वाचली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या की सगळ्या इमारतीला पहिल्यापासून ठाऊक आहे, ठोकाठोकी काय भिंतीत मुरते का? पण इतकी वर्षं तुम्ही सांगत नव्हतात म्हणून माझी खुर्ची मी दुसरीकडे देत होते, आणि तो मेला कारागीर भलताच महाग आहे. आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. टेबलक्लॉथ, फुलदाणी, उशीखालची हातोडी, एवढा सगळा खटाटोप फक्त घरच्या तिघांनाच खरा वाटत आला होता.

वरच्या मजल्यावरचा निवृत्त माणूस मात्र पाटीपुढे उभा राहून काहीतरी टिपून घेऊन गेला. बाबांनी ते पाहिलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. पाटी काढली मात्र नाही.

इस्त्रीचा शर्ट आठवड्याअखेरीस आला. आत्या सवयीने उठली, भोकाकडे निघाली आणि मग तिला आठवलं की दार उघडंच आहे. अधिकारी पाटीपाशी थांबला होता. त्याने ती पूर्ण वाचली, टाचणीसारखंच बोटाने दाबून पाहिली, आणि आत आला.

तपकिरी सोफा खोलीच्या मध्यात उलटा पडला होता. बाबांनी त्याचं पोट मुद्दाम उघडं ठेवलं होतं, आत पट्ट्या, स्प्रिंगा, गोणपाट, सगळं दिसत होतं. शिवणयंत्रावर टेबलक्लॉथ नव्हता. फुलदाणीत आत्याने कात्र्या खोचून ठेवल्या होत्या. अधिकाऱ्याने आजूबाजूला पाहिलं. मागच्या वेळी तो जिथे ऐसपैस बसला होता, तिथे आता बसायची सोय नव्हती.

टाचणी पुढे होणार होती. तिने सगळं बोलणं पाठ करून ठेवलं होतं, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण बाबांनीच खिळे हातावर काढले. चटई झटकली आणि अंथरली.

"मागच्या वेळी तुम्हाला गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसवलं, साहेब," ते म्हणाले. "ते चुकलं. आम्ही इथे बसतो. बसा."

अधिकारी क्षणभर उभा राहिला. मग त्याने फाईल बगलेत धरली, इस्त्रीची पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि चटईवर मांडी घातली. त्याने फार काही विचारलं नाही. महिन्याला अशी किती कामं होतात, माल कोण आणतं, मुलगी काय शिकणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाबांनी दिलं, आणि त्या अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव त्यांनी न अडखळता घेतलं. टाचणीला माहीतच नव्हतं की त्यांना ते येतं. उठताना अधिकाऱ्याला मांडीला मुंग्या आल्या आणि त्याने आधारासाठी हात पुढे केला. तिथे सोफाच होता. त्याने हात मागे घेतला आणि भिंत धरली.

मग पुन्हा चार गोल. टाचणी पुन्हा उठल्यावर बघायची, जेवताना बघायची. चौथा गोल लालचा करडा झाला होता, अपील विचाराधीन, आणि करडाच राहिला. महिना उतरणीला लागला. महाविद्यालयातून आठवण करून देणारा फोन आला. तपकिरी सोफा त्याच्या घरी गेला, बाबांनी पोचवताना मजुरीत सूट दिली आणि वर दोन उशा फुकट शिवून दिल्या. घरात आता आत्याही क्रमांक पाठ म्हणू शकत होती.

तो हिरवा झाला तेव्हा टाचणी खालच्या काकूंच्या खुर्चीला पट्ट्या ताणत होती. तिने सवयीने मोबाइल उघडला, बंद केला, आणि मग पुन्हा उघडला. मंजूर. तिने मोबाइल आत्यासमोर धरला. आत्याने चष्मा शोधला, वाचलं, आणि यंत्रावर डोकं टेकवून रडू लागली. मग रडता रडताच म्हणाली की आता त्या कॉलेजात तरी खुर्चीवर बस गं बाई.

बाबा पाठमोरे होते. तोंडात खिळे होते. टाचणी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि तिने त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं. हातोडी खाली ठेवली. ओठांतून एकेक खिळा काढून ते तळहातावर ठेवू लागले, आणि ती थांबली, कारण आता ते काहीतरी मोठं बोलणार असं तिला वाटलं. शेवटचा खिळा निघाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जडच, आणि तो तिथेच राहू दिला.

मग ते म्हणाले, "आता माझं बघ. पालिकेचं. क्रमांक घालून बघ, कुठवर आलंय."

तिने पालिकेच्या संकेतस्थळावर घातला. तिथलाही गोल करडा होता. हरकतीची मुदत अजून संपायची होती.

"करडाच आहे," ती म्हणाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "जेवताना परत बघ."